तिसरी घंटा: सभागृहाचं निवारा केंद्र करताना ठेवलेल्या नोंदी

सांगलीतलं लोकवर्गणीवर चालणारं सभागृह. तळमजल्यावर १८ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद दालन, पुढे ८ बाय ६ मीटरचा मंच, मागे रंगपट (मेकअपची खोली). वरच्या मजल्यावर वाचनालय आणि वाद्यांची खोली. २०१९ च्या पुरात पाणी समोरच्या रस्त्यापर्यंत आलं, आत शिरलं नाही. म्हणून पूर आला की लोक इथे येणार हे नक्की. पावसाळ्यापूर्वी जागा अशी करायची की नाटकाचं दालन दीड तासात राहण्याजोगं होईल आणि पूर ओसरल्यावर पुन्हा नाटकाचं होईल. काम करणाऱ्या गटाने लिहिलेल्या या नोंदी.

११ फेब्रुवारी

मोजमाप झालं. बाहेरच्या फलकावर ‘आसनक्षमता ३००’ लिहिलंय आणि तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. खुर्चीवर तीन तास बसणं वेगळं आणि सतरंजीवर आठ दिवस राहणं वेगळं. मदतकार्यात जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं माणशी किमान साडेतीन चौरस मीटर धरतात, तेही स्वयंपाक आणि न्हाणी वगळून. १८ × ११ म्हणजे १९८ चौ. मी., म्हणजे ५६ माणसं. मग लक्षात आलं की मधून चालायला वाट सोडलेलीच नाही. दीड मीटरची वाट काढली की उरतात १७१ चौ. मी. आणि ४८ माणसं.

३०० वरून ४८. बैठकीत हा आकडा कुणालाच आवडला नाही. पण तो आत्ताच फलकाखाली रंगवून टाकलेला बरा. ऐन पुरात दारात उभं राहून ‘आता जागा नाही’ म्हणण्यापेक्षा आधीच शेजारच्या शाळेशी आणि मंगल कार्यालयाशी बोलून ठेवता येतं. एका रात्रीपुरती दुप्पट माणसं घेता येतील, पण ते रात्रीपुरतंच.

आखणी अशी: मधली वाट, दोन्ही बाजूंना सहा-सहा खण. प्रत्येक खण ३ × ४.७५ मीटर, एका चौकोनी कुटुंबाचा. मंचावर कुणाला झोपवायचं नाही. पायऱ्या चढून वर जाणं म्हाताऱ्यांना जमत नाही आणि लहान मूल झोपेत कडेवरून पडतं. मंच साठ्यासाठी आणि मुलांसाठी.

१९ फेब्रुवारी

कधी सुरू करायचं, हा खरा प्रश्न. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ ला नदी ५७ फुटांवर गेली होती, २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. पण ४० ची वाट बघत बसलं तर उशीर होतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत त्याआधीच पाणी येतं आणि तिथली माणसं गाठोडी घेऊन निघालेली असतात.

नाटकवाल्यांना समजेल अशी भाषा ठरली, तीन घंटांची.

पहिली घंटा ३० फुटांना: जनित्र चालवून बघायचं, टाक्या भरायच्या, यादीतल्या चौदा जणांना फोन. दुसरी ३५ ला: पुढच्या आठ दिवसांचं बुकिंग रद्द, खुर्च्या आत, तारा आणि पडदे वर. तिसरी ४० ला किंवा पहिलं कुटुंब दारात आलं की, जे आधी होईल ते: नोंदवही उघडायची. नदी तासाला अर्ध्या फुटाने चढत असेल किंवा कोयनेचा विसर्ग वाढवल्याची सूचना आली असेल, तर प्रत्येक घंटा एक पायरी आधी. रात्री दहानंतर ३० फूट ओलांडले तर दुसरी घंटा लगेच द्यायची, सकाळची वाट बघायची नाही.

बुकिंगच्या पावतीवर एक ओळ वाढवली: पातळी ३५ फुटांवर गेल्यास कार्यक्रम रद्द, पूर्ण पैसे परत. ही ओळ नसेल तर दुसऱ्या घंटेचा अर्धा दिवस आयोजकांशी वाद घालण्यात जातो.

२ मार्च

पडदे. काळे पडदे आहेतच, ते वापरू, असं आधी वाटलं होतं. चार तास लावून बघितले. आत कोंदट होतं, उकडतं, मुलं घाबरतात. शिवाय हे पडदे महाग, एकदा ओल धरली की बुरशीचे डाग जात नाहीत. काळे पडदे गुंडाळून वर. त्याऐवजी पांढरा मांजरपाट, दोन मीटर उंचीचा, वर पितळी कड्या.

टांगायचे कसे, यात आठवडा गेला. रुंदीच्या दिशेने ११ मीटरच्या पाच तारा, प्रत्येक तीन मीटरवर एक, जमिनीपासून २.१ मीटर उंच. ६ मिमीची जस्तलेपित वायर रोप, एका टोकाला तार ताणायचा टर्नबकल. एका तारेवरचा कापड-कड्यांचा भार जेमतेम ६ किलो, म्हणून साध्या खुंट्या पुरतील असं वाटलं. तार ताणून सरळ केली आणि भिंतीतला फिशर प्लग गिलाव्यासकट बाहेर आला.

हिशेब असा आहे: आडव्या तारेवरचा ताण म्हणजे एकूण भार गुणिले लांबी, भागिले झोळाच्या आठपट. झोळ १० सेंटिमीटर ठेवला तर ६ × ११ ÷ ०.८, म्हणजे ८२ किलो. झोळ ३० सेंटिमीटर सोडला तर २७-२८ किलो. तार जितकी ‘नीट’ ओढाल तितकी भिंत जास्त ओढली जाते. म्हणून ठरलं: झोळ ३० सेंटिमीटर दिसायलाच हवा, पडदा मध्यभागी थोडा खाली आला तरी चालेल. प्लग काढून भिंतीतून आरपार १२ मिमीचे आय-बोल्ट, मागे १० × १० सेंटिमीटरची लोखंडी पट्टी.

आणि तारेवर ओले कपडे वाळत टाकले की हा सगळा हिशेब मोडतो. एक ओली चादर दोन-तीन किलोंची. लोक टाकणारच, ‘टाकू नये’ लिहून कुणी थांबत नाही. मागच्या व्हरांड्यात वीस मीटर वाळवणाची दोरी आधी बांधा, मग पडद्याच्या तारा मोकळ्या राहतात.

५ मार्च

वाटेच्या बाजूला नाटकाचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सुट्या भिंती, वापरले. ६ × ४ फुटांचा फ्लॅट आडवा उभा करायचा: बसलेल्या माणसाला आडोसा मिळतो, वारा वरून खेळतो आणि प्रत्येक खणाला जवळपास चार फुटांचं दार उरतं, चाकाची खुर्ची जाते. बारा हवे होते, नऊ निघाले, तीन नवे ठोकले. मागे ब्रेस (तिरका टेकू) आणि त्यावर वाळूची पिशवी. नुसत्या ब्रेसवर ठेवलेला फ्लॅट मूल धडकलं की आडवा होतो.

९ मार्च

दालनाचा आवाज. हे सभागृह माइकशिवाय बोललेलं शेवटच्या रांगेत ऐकू जावं म्हणून बांधलेलं आहे. म्हणजेच रात्री दोनला पहिल्या खणात रडलेलं बाळ बाराव्या खणात ऐकू जातं. मांजरपाट लावल्यावर फरक पडला, पण पुरेसा नाही. मागच्या भिंतीवर जुन्या सतरंज्या टांगल्या. कमी होतं, थांबत नाही. तान्ही मुलं असलेली कुटुंबं रंगपटाच्या बाजूच्या दोन खणांत.

१७ मार्च

वीज. पुरात उपकेंद्रं पाण्यात जातात किंवा धोका नको म्हणून पुरवठा बंद ठेवतात. दोन-तीन दिवस वीज नाही असं धरूनच चालायचं.

इन्व्हर्टरला १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. कागदावर ३६०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी १८००, त्यातलं इन्व्हर्टर खातो ते वजा करून साधारण १५००. आठ एलईडी ट्यूब (२० वॉट) आणि आठ कमी विजेचे बीएलडीसी पंखे (३० वॉट) मिळून ४०० वॉट: पावणेचार तास. रात्र नऊ तासांची. चार ट्यूब आणि सहा पंखे ठेवले तर २६० वॉट, पावणेसहा तास. तरीही पहाटे अंधार. म्हणजे रात्री साडेदहा-अकरापर्यंत जनित्र, मग बॅटरी.

मंचावरचा एक ‘पार’ स्पॉटलाइट हजार वॉटचा. एकाच दिव्यात छावणीचे दिवे-पंखे अडीच वेळा चालले असते. दिव्यांच्या मुख्य खटक्याला कुलूप.

मोबाइल. तीस फोन, प्रत्येकी १० वॉट, दोन तास: ६०० वॉट-तास, बॅटरीच्या हाताशी असलेल्या साठ्याचा मोठा हिस्सा. म्हणून चार्जिंग फक्त जनित्र चालू असताना, मंचाजवळच्या एका टेबलावर, फोनला क्रमांकाची चिठ्ठी. खणाखणांत प्लग दिले तर एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर येतात.

जनित्र ५ केव्हीए, डिझेलचं. अर्ध्या भारावर तासाला साधारण सव्वा लिटर. दिवसाला चार तास, सात दिवस: ३५ लिटर. पंप बंद असू शकतात म्हणून एवढा साठा मेअखेर भरायचा, दालनापासून दूर, कुलुपात. जनित्र मागच्या भिंतीलगत ठेवलं होतं, सोयीचं म्हणून. धूर थेट रंगपटाच्या खिडकीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनित्र कुंपणाच्या कोपऱ्यात हलवलं, केबल १८ मीटरने वाढली, वाढू दे.

चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनित्र जोडायचं नाही. तो नसेल तर आपली वीज उलटी महावितरणच्या तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. त्याचबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका), आणि जमिनीलगतचे सगळे प्लग उचलून दीड मीटरवर.

२८ मार्च

पाणी. माणशी दिवसाला १५ लिटर, ४८ माणसांना ७२० लिटर. गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या: पावणेतीन दिवस. नदीला पूर आला की नळाला पाणी नसतं. जॅकवेल (नदीचं पाणी उचलायची विहीर) आणि पंपच पाण्यात गेलेले असतात. म्हणजे टँकर येणार.

टँकर आला, समजा. त्याला पंप नसतो, पाणी गच्चीवर चढत नाही. त्याचा पाइप दहा-बारा मीटरचा आणि फाटकापासून टाकी २६ मीटरवर. म्हणून फाटकाजवळ जमिनीवर हजार लिटरची तिसरी सिंटेक्स, तिथून अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. हा पंप इन्व्हर्टरवर लावून बघितला: सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, इन्व्हर्टर लगेच ट्रिप. पंप फक्त जनित्रावर. चार्जिंग, पंप, मिक्सर, सगळं त्याच चार तासांत.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर: हजार लिटरला ५ ग्रॅम. चमच्याने अंदाज घेऊ नये. आधीच ५-५ ग्रॅमच्या पुड्या वजन करून बंद ठेवल्या. पावडर थेट टाकीत टाकली तर तळाशी पांढरा गाळ बसतो, नळ तुंबतात आणि वरच्या पाण्यात क्लोरिन पोचतच नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं निवळलेलं पाणी टाकीत, गाळ फेकायचा. अर्धा तास थांबून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरिन उरलाय का ते बघायची). पिवळी छटा आली तर ठीक. नाही आली तर अजून एक पुडी आणि पुन्हा अर्धा तास. गढूळ पाण्याला दुप्पट लागते, कारण क्लोरिन गाळातच खर्च होतो. उघडं पोतं महिनाभरात ‘मेलेलं’ असतं, गेल्या वर्षीचं असेल तर टाकूनच द्यावं. पत्र्याच्या डब्यात ठेवू नये; डबा गंजतो आणि पावडरही जाते.

६ एप्रिल

संडास. वीस माणसांना एक या मापाने तीन लागतात, आहेत चार. दोन पुरुषांचे, दोन बायकांचे. मानक पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन म्हणतं, आणि ते खरं आहे. बायकांना वेळ लागतो, मुलं त्यांच्याच बरोबर असतात. दारावरच्या पाट्या स्क्रूच्या होत्या, त्या काढून खिळ्याला अडकवायच्या केल्या. पाटी उलटी केली की पुरुषांचा एक संडास बायकांचा. प्रत्येकात आतून कडी, झाकणाचा डबा, रात्रभर जळणारा दोन वॉटचा दिवा.

खरी अडचण उलट्या पाण्याची. रस्त्यावर पाणी चढलं की गटार भरतं आणि तुमच्याच भांड्यातून वर येतं. दालन कोरडं राहतं आणि घाण आतून शिरते. बाहेरच्या चेंबरमध्ये ११० मिमीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. त्याची झडप महिन्यातून एकदा उघडून धुवायची. एखादी पिशवी अडकली की ती अर्धी उघडीच राहते.

इथे बरेच जण फसतात: झडप बंद झाली की गटाराचं पाणी आत येत नाही, पण तुमचंही बाहेर जात नाही. व्हॉल्व्ह लावला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, तो तुमच्याच कुंपणात आला. म्हणून जुनी सेप्टिक टाकी (६००० लिटर) मे महिन्यात उपसून रिकामी ठेवायची. फ्लश बंद, फक्त बादली: माणशी १० लिटर धरले तर दिवसाला ४८० लिटर, बारा दिवस निघतात. न्हाणीचं पाणी या टाकीत अजिबात सोडायचं नाही, नाहीतर ती फार लवकर भरते. ते अंगणाच्या चरात. पावसाळ्यात जमीन पाणी पीत नाही, चर तुंबतो, डास होतात. याला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

७ एप्रिल

रंगपट: आतून कडी असलेली एकच खोली. बाळंतिणी, स्तनपान, प्रथमोपचार तिथे. आरशाभोवतीच्या दहा बल्बांपैकी आठ काढले, दोन ठेवले. जखम बघायला इतका चांगला उजेड अख्ख्या इमारतीत दुसरीकडे नाही. रात्री आरशावर चादर.

२१ एप्रिल

वाद्यं आणि पुस्तकं. माणसं आत येणार म्हणून वस्तू घाईने कुठेतरी कोंबल्या जातात, आणि बहुतेक नुकसान पुराने न होता या कोंबण्याने होतं.

दोन तंबोरे आहेत, मिरजेचे. भोपळा म्हणजे वाळवलेलं फळच. दमट कोपऱ्यात आडवा ठेवला की खालच्या बाजूला बुरशी धरते, आणि वर कुणी गादी टेकवली तर तडकतो. तारा दोन-तीन स्वर उतरवायच्या, घोडीखाली कापड, सुती गवसणी, आणि भिंतीपासून चार बोटं सोडून उभे. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आतलीच ओल आत राहते. तबल्याची शाई ओलीने सुटते. पेटीचा भाता फुगतो आणि पट्ट्या अडकतात. एका कपाटात सगळं, सोबत सिलिका जेलच्या अर्धा किलोच्या चार पिशव्या, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळे. पूर्वी कपाटात बल्ब लावून ठेवायचे; वीजच नसताना त्याचा उपयोग नाही.

पुस्तकांचे खालचे दोन कप्पे रिकामे केले. जिथे आधी हात घालायचा त्या कप्प्यांना लाल फीत: हस्तलिखित संहिता, जुने हिशेब, छायाचित्रं. छापील कादंबरी पुन्हा मिळेल, प्रॉम्प्टरच्या पेन्सिलखुणा असलेली संहिता मिळणार नाही.

भिजलंच तर काय करायचं तो कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवला. दोन-तीन दिवसांत बुरशी सुरू होते, तेवढीच मुदत. उन्हात टाकायचं नाही, पानं वाकडी होतात आणि बांधणी सुटते. पुस्तक उभं करून पंख्याखाली, दर पंधरा-वीस पानांनंतर कोरा शोषक कागद, दर काही तासांनी बदलायचा. वर्तमानपत्राची शाई लागते. गुळगुळीत कागदाची पुस्तकं वाळली की वीट होते, ती ओली असतानाच प्लास्टिकमध्ये घालून डीप फ्रीझरला. आइस्क्रीमवाल्याशी बोलून ठेवलंय; तो हसला, पण हो म्हणाला.

४ मे

स्वयंपाक दालनात नाही. पडदे, फ्लॅट, लाकडी मंच, सगळं पेटणारं. अंगणात ताडपत्रीची शेड, वाऱ्याच्या बाजूला पत्रा. ४८ आणि काम करणारे बारा धरून साठ पानं. मऊ खिचडीला तांदूळ ६ किलो, मूगडाळ २ किलो, तेल ६०० मिली. आचारी मामांचं म्हणणं, “पुरातल्या माणसाला पहिल्या दिवशी जेवण जात नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट लागतं.” पहिल्या दिवशी पाच किलो, दुसऱ्या दिवशी आठ, असं लिहून घेतलं.

बाहेरून येणाऱ्या चपात्या: गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या येतात, वाफ धरते, दुपारपर्यंत आंबूस. देणाऱ्यांना आधीच सांगायचं: निववा, कापडात बांधा, वर वेळ लिहा. त्यापेक्षा भाकरी किंवा शेंगदाण्याची चटणी पाठवली तर जास्त उपयोगाची.

जुने कपडे घ्यायचे नाहीत. हे कठोर वाटतं, पण जुन्या कपड्यांचा ढीग एक खण खातो, ओल धरतो, आणि निवडायला तीन माणसं लागतात. लागणारी यादी फाटकावर: नवीन आतले कपडे, सॅनिटरी पॅड, बादल्या, टॉर्चचे सेल, लहान मुलांचे दुधाचे डबे नव्हे तर वाटी-चमचा.

१२ मे

कागदपत्रं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ खाली प्रशासन बचावकार्यासाठी जागा ताब्यात घेऊ शकतं आणि कलम ६६ मध्ये मोबदल्याची तरतूद आहे. पण ताबा देताना जागा कशी होती याची नोंद नसेल तर मागणार काय? एक पानी ताबापत्र: तारीख, वेळ, वीज मीटरचा आकडा, खुर्च्यांची संख्या, मंच, पडदे, संडास यांचे फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्या. परतीच्या वेळी तेच पान पुन्हा.

गुरं. कृष्णाकाठची माणसं म्हैस सोडून येत नाहीत, आणि म्हैस इथे येऊ शकत नाही. ज्या ठिकाणी गुरांची सोय होणार आहे ते आणि चाऱ्याचा माणूस, दोन्ही नोंदवहीच्या पहिल्या पानावर. शेळी, कोंबड्या व्हरांड्याच्या पूर्व टोकाला.

जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८. भिंतीवर हातभर मोठे.

२४ मे, रंगीत तालीम

सरकारी पत्रातही आपत्तीच्या सरावाला ‘रंगीत तालीम’च म्हणतात, त्यामुळे नाटकवाल्यांना शब्द समजावावा लागला नाही. चौदा माणसं, दिवे बंद, घड्याळ लावलेलं. लक्ष्य ९० मिनिटं. लागली १७०.

कुठे गेली ती: तीनशे खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीत, तीस थप्प्या. थप्पी ट्रॉलीवर चढवली की कोठीच्या दारात अडकते, अवघ्या दोन बोटांनी. सगळ्या आठ-आठच्या करून पुन्हा वाहिल्या, तिथे ४० मिनिटं. तारा सारख्याच दिसतात. तिसरी तार पहिलीच्या बोल्टला लावली, वीतभर तोकडी पडली. कड्या एकमेकींत गुंतल्या. जनित्राच्या कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, तो मिरजेला लग्नाला.

सतरंज्या थेट फरशीवर टाकल्या होत्या, अर्ध्या तासात खालून गार. आधी ताडपत्री, मग सतरंजी. म्हाताऱ्यांसाठी मंचाचे आठ लेव्हल (सुटे चौथरे, ६ × ४ फूट, दीड फूट उंच): फरशीवरून उठता न येणाऱ्या माणसाला ही उंची पुरते, गादी टाकली की पलंग झाला.

३१ मे

दुसरी तालीम, ९५ मिनिटं. बदललेलं एवढंच: आठची थप्पी, तारांना रंगीत फिती आणि बोल्टला त्याच रंगाचा ठिपका, पडदे कड्यांसकट दोरीत ओवून पिशवीत, किल्ल्या तीन, एक शेजारच्या किराणा दुकानात. आणि नाटकासारखी क्यू-शीट (कुणी कधी काय करायचं त्याची यादी), प्रत्येकाच्या हातात आपल्यापुरतीच ओळ. सगळ्यांना सगळं सांगितलं की सगळे खुर्च्याच उचलतात.

खुर्च्या बोल्टने पक्क्या करायचा जुना प्रस्ताव पुन्हा आला होता. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली तेव्हा सुट्या खुर्च्या होत्या म्हणून अंतर ठेवून मांडता आल्या. पक्क्या असत्या तर फुल्या मारत बसलो असतो. प्रस्ताव कायमचा बंद.

१४ जून

आत राहणाऱ्यांचा दिवस कसा जाईल, यावर आज बोललो. तिसऱ्या दिवसानंतर भांडणं सुरू होतात, ती जेवणावरून कमी आणि रिकाम्या वेळेवरून जास्त.

दारातला फळा सगळ्यात महत्त्वाचा. पातळीचा आकडा, तो कितीचा, आणि कुठून मिळाला, तिन्ही लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. ‘धरण फुटलं’ ही अफवा दर पुरात येते. माइकवर सूचना सकाळी ८, दुपारी २, रात्री ८. दहानंतर माइक बंद. मुलांसाठी मंचावर ४ ते ६: कागद, खडू, पुस्तकांची पेटी, सोंगट्या. संध्याकाळी कुणी भजन म्हणणार, कुणी नमाज पढणार. दोन्हींना वरची वाचनालयाची खोली, मंच कुणालाच नाही. पेटी-तबला दोन तास बाहेर, वाजवणारा माणूस छावणीतलाच असेल तर उत्तम. बाहेरून येऊन ‘मनोरंजन’ करायची विनंती आली तर आधी राहणाऱ्यांना विचारायचं. फोटो काढायचे असतील तरी तेच.

९ जुलै

परतीची तालीम, जी कुणालाच करायची नव्हती. क्रम उलटा: आधी माणसं, मग कापड, मग फरशी, शेवटी मंच. फरशीला लिटरला ३० ग्रॅम टीसीएल, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. मंचाला हे लावायचं नाही आणि पाइपने पाणी तर मारायचंच नाही. १९ मिमीच्या प्लायला कडेने पाणी गेलं की फळ्या फुगतात आणि पुढच्या नाटकात कुणाचा तरी पाय अडकतो. पिळलेल्या फडक्याने दोनदा. गाद्या-सतरंज्या उन्हात, शिवणीत ढेकूण बघून. मांजरपाट पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. संपूर्ण फेरी दोन दिवसांची, त्यामुळे छावणी संपल्यावर तीन दिवस बुकिंग द्यायचं नाही.

१८ ऑगस्ट

५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या प्रयोगाची तालीम सुरू झाली आणि दिग्दर्शकाची तक्रार आली: पाच तारा दिव्यात चमकतात, प्रेक्षकांच्या डोक्यावर वाळवणाच्या दोऱ्या दिसतात. काळा रंग दिला तर पडद्याच्या कड्या अडकतात, तेही करून बघितलं. तारा काढून ठेवल्या तर लावायला पंचवीस मिनिटं वाढतात, आणि नदी पावसाळ्यातच चढते.

तोड अशी निघाली: जून ते सप्टेंबर तारा वरच, ऑक्टोबर ते मे उतरवून, प्रत्येक तार वेगळी गुंडाळून, फितीसकट कोठीच्या दाराच्या आतल्या खिळ्यांवर. आय-बोल्ट भिंतीतच राहतील. पावसाळ्यातल्या नाटकांना तारा सांभाळून घ्याव्या लागतील, हे बुकिंगच्या पावतीवर दुसरी ओळ म्हणून छापलं.

न्हाणीच्या पाण्याचा चर अजून तसाच आहे.